एका लेनीचा संसार

आमच्या घरात टीव्हीच्या कपाटामागे रास्पबेरी पाय ५ नावाचा संगणक आहे. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. सगळ्यांच्या मोबाइलवरच्या जाहिराती गाळायच्या आणि लग्नामुंजींचे फोटो सांभाळायचे, एवढंच त्याचं काम. ते तो एका मेमरी कार्डाच्या जोरावर बिनबोभाट करत होता, आणि माझी त्याच्याविरुद्ध मुख्य तक्रार हीच होती. जे चालू आहे त्यात आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही.

हे यंत्र खरं तर माझ्यासाठी नव्हतंच. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं प्रोग्रॅमिंग येईनासं झालं आहे, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पहिला पाय बाजारात आला. शाळकरी पोरांनी तो उघडावा, बिघडवावा, त्यातून शिकावं, असा हेतू. पोरांनी मोबाइल हातात घेतला आणि बिघडवण्याची जबाबदारी आम्हा पन्नाशीच्या मंडळींवर येऊन पडली. शिकण्याचं मात्र अजून कोणी अंगावर घेतलेलं नाही.

२०२३ साली आलेल्या पाय ५ च्या कडेला १६ पिनांचं एक इवलंसं सॉकेट आहे. तिथून पीसीआयई नावाच्या वेगवान वाटेची एक लेन बाहेर येते आणि तिला एनव्हीएमई जातीची एसएसडी जोडता येते. मेमरी कार्ड सेकंदाला जेमतेम ९० मेगाबाइट वाचतं, ही एसएसडी साडेचारशेच्या आसपास. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली. फोटो उघडायला वेळ लागतो अशी घरात कोणाचीच तक्रार नव्हती. ती मी स्वतः तयार केली आणि जेवताना रोज मांडू लागलो.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदारच पत्ता विचारायला लागतात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “साटा की एनव्हीएमई?” फरक मी घरून वाचून आलो होतो. पण मागे इंजिनिअरिंगची पोरं रांगेत उभी होती आणि त्यांच्यासमोर आठवत बसणं मला कमीपणाचं वाटलं. मी ठणकावून सांगितलं, “एम टू!” आता एम टू हे निव्वळ आकारमानाचं नाव. २२ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीत साटाही असू शकतो आणि एनव्हीएमईही. मुलाने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि साटा बांधून दिला.

घरी तो खाचेत अलगद बसला. स्क्रूही लागला. फक्त संगणकाने त्याची दखल घेतली नाही. एखादी वस्तू बसलीच नाही तर माणूस निदान वेळेवर शहाणा होतो. ही बसली, त्यामुळे मी केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, सॉकेटवर फुंकर मारली आणि जगभरच्या अभियंत्यांच्या बुद्धीबद्दल मत बनवून मोकळा झालो. पुढच्या खेपेला एनव्हीएमईच आणला, पण तो २२८० निघाला. शेवटचे दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधली लांबी, आणि माझ्याकडची हॅट (पायच्या डोक्यावर बसणाऱ्या जोडबोर्डाला हॅट म्हणतात) ३० आणि ४२ च्याच पट्ट्या घेते. २२४२ आणायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मला आपणहून चहा सांगितला.

मग ती रिबन केबल. पानाएवढी पातळ, दोन्ही टोकांना सोनेरी दात, आणि सॉकेटवर नखाने उचलायची एक नाजूक खिटी. ती उचलताना जवळचा चष्मा लागतो, केबल सरळ आहे का ते पाहायला लांबचा. खिटी तुटली नाही, याचं श्रेय लेकीला. ती “बाबा, व्हा बाजूला” म्हणाली आणि मी झालो.

एसएसडी चालू झाली. साडेचारशे! मग कळलं की एका फाइलीत एक ओळ लिहिली की हीच लेन पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने धावते. या वेगाची आम्ही हमी देत नाही, असं बनवणारेच सांगतात. मी ती सूचना वाचली आणि परवानगी समजलो. आकडा साडेआठशेच्या घरात गेला. तो मी बायकोला दाखवला. ती एका सहकारी बँकेत ऑडिट बघते. आकडा पाहिला की तिचा हात आपोआप पेनाकडे जातो. तिने विचारलं, “हा वेग बाहेर कुठून येतो?”

इथे घोटाळा झाला. पायचं नेटवर्क पोर्ट एक गिगाबिटचं. त्यातून सेकंदाला ११७ मेगाबाइटच्या वर काही जात नाही. पलीकडे आमचं इंटरनेट १०० मेगाबिटचं, म्हणजे बारा मेगाबाइट. साडेआठशेने निघालेला फोटो दारात एकशेसतरा होतो आणि सोसायटीच्या गेटबाहेर पडेपर्यंत बारा. दुसऱ्या कोणी यातून एसएसडी फुकट गेली असा निष्कर्ष काढला असता. मी काढला तो असा, की आणखी एक पोर्ट हवं, तेही अडीच गिगाबिटचं.

पण सॉकेट एकच. त्यावर तोडगा म्हणजे पॅकेट स्विचचा बोर्ड: एक लेन आत, दोन बाहेर; एकीवर एसएसडी, दुसरीवर नेटवर्क कार्ड. हे मी अप्पांना समजावत होतो. अप्पा कोकण रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. संगणकाला ते हात लावत नाहीत, म्हणून माझे सगळे बेत मी त्यांनाच सांगतो.

“म्हणजे तुझी लाइन सिंगल,” अप्पा म्हणाले.

“स्विच टाकतोय ना, अप्पा. दोन होतील.”

“दोन नाही होत. तू मध्ये क्रॉसिंग स्टेशन बांधतोयस. स्टेशन वाढलं की गाड्या जास्त सोडता येतात, पण त्या जोरात धावत नाहीत. एकीला वाट द्यायला दुसरी लूपला उभी राहते. मांडवी एक्स्प्रेसच्या प्रवाशांना विचार.”

पीसीआयईत येणारी आणि जाणारी वाट वेगळी असते, हे मी विजयी स्वरात सांगितलं. अप्पा म्हणाले, “बरं. मग दोन्ही गाड्या एकाच दिशेला निघाल्या की?” मी विषय बदलला. रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्याबद्दल ते पुढे बराच वेळ बोलले. आणखी चार लेन पायच्या आतच आहेत, पण त्या त्याच्या स्वतःच्या यूएसबी आणि नेटवर्कच्या चिपकडे जातात. हेही त्यांना पटलं: “स्टाफचा डबा वेगळाच असतो.”

बोर्ड आला, बसला, आणि एसएसडीचा आकडा पुन्हा साडेचारशेच्या खाली. कारण मी घेतलेला स्विच दुसऱ्या पिढीचा होता; लेन त्याच्यापर्यंतच त्या वेगाने धावणार. म्हणजे वेग वाढवायला आणलेल्या वस्तूने वेग निम्मा केला, आणि नेटवर्क कार्डाने अजून तोंडही उघडलं नव्हतं. ते अधूनमधून नाहीसं होई. कारण वीज. मी लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला होता आणि २५ वॅट मागणाऱ्या यंत्राला तो रग्गड होईल, या हिशेबाने निर्धास्त होतो. पण ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. पायला हवेत ५ व्होल्टवर ५ अँपिअर, आणि ५ व्होल्टवर असे चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतात. ५ अँपिअरचा पुरवठा दिसला नाही की पाय सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरचं रेशन लावतो आणि कमी दाबाची कुरकुर नोंदवत राहतो. ती नोंद माझ्या पडद्यावर सुरुवातीपासून होती. मी ती इंग्रजीतली नेहमीची बडबड समजून वर सरकवत होतो.

योग्य अडॅप्टर आणला. दोन्ही पोर्टं जागी झाली. मग मी दोन्हींचा एक ब्रिज बांधला आणि दोन केबली आमच्या एकाच नेटवर्क स्विचमध्ये खोचल्या. हिशेब साधा होता: दोन नळ, दुप्पट पाणी. दोन केबली एकत्र वापरण्याचा रीतसर मार्ग आहे, पण त्याला स्विचही समजूतदार लागतो, आमचा स्वस्तातला.

स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी पेटले आणि विझेनात. मी म्हणालो, “बघा, किती काम करतोय!” लेकीचा ऑनलाइन वर्ग गोठला. बायकोची बँकेची मीटिंग गेली. आईच्या मालिकेत सासू थोबाडीत मारायला हात उगारून तशीच थांबली, आणि मारते की नाही हे कळायला आईला नंतर पुनःप्रसारणाची वाट बघावी लागली. घरातल्या प्रत्येकाने मला हाक मारली. अप्पांनी मात्र रेडिओ लावला.

झालं होतं असं: “कोण आहे रे तिकडे?” अशी सर्वांना उद्देशून विचारणा करणारी चिठ्ठी नेटवर्कवर सतत फिरत असते. ती एका केबलीने आत आली, ब्रिजमधून दुसरीने बाहेर पडली, स्विचने पुन्हा सगळीकडे वाटली, ती पुन्हा आत. इथरनेटच्या चिठ्ठीवर किती वेळा पुढे पाठवायची याची मर्यादा लिहिलेली नसते, त्यामुळे ती मरत नाही, उलट वाढते. यावर इलाज १९८५ मध्येच निघाला आहे. डीईसी कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत बसवली: यंत्रं आपापसांत ठरवून जादा वाट बंद ठेवतात. वर त्यांनी त्या पद्धतीवर कविताही केली. लिनक्सच्या ब्रिजमध्ये ही सोय आहे, फक्त ती बंद असते. आपण चालू करायची.

“ब्लॉकमध्ये एक गाडी असताना दुसरी सोडायची नाही,” अप्पा म्हणाले, “आमच्याकडे हे आधी शिकवायचे, मग टोपी द्यायचे.” माझ्या पायला हॅट मी पहिल्याच खरेदीत घेतली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला मान खाली घालण्यापलीकडे काम नव्हतं. ऑफिसातल्या नेटवर्क बघणाऱ्या मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, व्हीलॅन का नाही केलं?” चिठ्ठीवर चार बाइटचं लेबल लावलं की एकाच केबलीतून अनेक वेगळी नेटवर्कं नेता येतात, तब्बल ४०९४. लागतो फक्त एक व्यवस्थापित स्विच, माझ्या पॅकेट स्विचपेक्षा आणि नेटवर्क कार्डापेक्षा स्वस्त. तिला मी सांगितलं की हे मला माहीत होतं, पण हार्डवेअरचा मार्ग अधिक मजबूत वाटला. तिने हो म्हटलं. फार चांगल्या घरची मुलगी आहे.

आता पॅकेट स्विच आणि कार्ड दोन्ही ड्रॉवरमध्ये, साटाच्या शेजारी आहेत. एसएसडी जागेवर आहे. आणि कपाटाला बायकोने एक रजिस्टर दोरीने बांधलं आहे. रकाने तिनेच आखले: तारीख, काय बदलणार, का बदलणार, बिघडल्यास पूर्ववत करायला लागणारा वेळ, घरातल्या दोन सज्ञान व्यक्तींच्या सह्या. तिच्या सहीशिवाय कपाटाची किल्ली मिळत नाही.

पॅकेट स्विच निघाल्यामुळे तिसऱ्या पिढीचा वेग आता पुन्हा लावता येईल. परवा तसा रीतसर अर्ज रजिस्टरात नोंदवला. अप्पांनी वाचून सही केली. “का बदलणार” या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, “वेळ वाचेल.” संध्याकाळी पाहतो तर त्यापुढे लाल पेनाने शेरा: “कोणाचा?”