धावपट्टी मोकळी आहे

बंगळुरूत येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर फेब्रुवारी २०२५ मध्ये एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरलं. घोषवाक्य होतं, 'अब्ज संधींची धावपट्टी'. २०२३ लाही हेच होतं. दोन वर्षांत कुणी उचलल्या नसाव्यात, म्हणून त्याच संधी पुन्हा मांडल्या.

विमानांना घारी आडव्या येऊ नयेत म्हणून महापालिकेनं तळाभोवती १३ किलोमीटरपर्यंत २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी मांसविक्री बंद ठेवली होती. म्हणजे मटणाच्या दुकानातला पोऱ्या पावणेचार आठवडे घरी. अब्जातून एक वजा करा.

त्याचं दुकान निदान १८ तारखेला उघडलं. तिथंच जवळच्या पीजीत बेळगावचे, लातूरचे बी.ई. झालेले पोरगे पडून असतात, त्यांचं काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के होती आणि पदवीधर तरुणांत २९.१. (अडाण्याला रिकामं बसणं परवडत नाही, हेही खरंच.) शेत गहाण टाकून पोराला ३.४ मधून २९.१ मध्ये पोचवलं, हे बापाला सांगणार कोण?

पोरगा दिवाळीला घरी जात नाही. तिकीट मिळालं नाही म्हणतो. खरी अडचण मामा. मामा हात धुता धुता विचारणार, "मग, सध्या काय चाललंय?" रात्री झोप येत नाही, सकाळी उठावं असं काही नसतं. त्यावर इलाज १४४१६, म्हणजे टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. त्याची सूत्रं याच शहरातल्या निम्हान्सकडे. फोनवर माणूस ऐकून घेतो. 'कळवतो' म्हणून गुडूप होणाऱ्या एचआरपुढे हे कौतुकाचंच. फक्त नोकरी त्यांच्याकडे नसते.

याच शहरातल्या नारायण मूर्तींना तरुणांनी आठवड्याला ७० तास राबलेलं हवंय. एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले. त्या नव्वदाचे दोन भाग करून बघा की! दोघांना काम मिळेल, दोघांना झोपही लागेल.

सरकार मात्र स्वस्थ बसलेलं नाही. कर्नाटकाच्या युवानिधीत पदवीधराला महिना ३००० रुपये, पदविकावाल्याला १५००. अट एवढीच, की पास झाल्यावर १८० दिवस बेकार राहिलेलं असावं, आणि पुढंही आपण बेकारच आहोत असं वेळोवेळी स्वतःच जाहीर करावं. मामापासून लपवलेलं सरकारला ठणकावून सांगायचं. शेजारच्या कॉटवरच्या लातूरकराला हे नाही. तो महाराष्ट्राचा 'लाडका भाऊ', त्या योजनेचं विद्यावेतन तिकडे, तेही मोजक्या महिन्यांचं. बेळगावकराची मात्र दोन वर्षांची सोय झाली. चोविसावा हप्ता जमा झाला, की सरकारदरबारी त्याची बेकारी संपली.