सोमवारकर

प्रत्येक सोसायटीत एक सोमवारकर असतात. पाटीवरचं आडनाव काहीही असो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाचं चौथं बटण कायम ताणलेलं आणि तोंडी एकच वाक्य: "आता सोमवारपासून मात्र नक्की." हे वाक्य नेहमी भरल्या पोटी येतं. लग्नाच्या पंगतीत तिसरी जिलबी संपवून, हात पुसता पुसता. उपाशी माणूस डाएटचा संकल्प सोडताना मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमच्या कोथरूडचे सोमवारकर एका सहकारी बँकेत आहेत. त्यांच्या अज्ञानामुळे वजन वाढलं असं कुणी म्हणू नये. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, म्हणजे बीएमआय २८, हे ते झोपेतही सांगतील. "जगात तिसापर्यंत नुसतं जास्त वजन म्हणतात. आपल्या भारतीयांना मात्र पंचविसालाच लठ्ठ ठरवतात. म्हणजे लंडनला असतो तर मी बरा होतो!" हे सांगताना त्यांचा चेहरा बदली नाकारल्या गेलेल्या कारकुनाचा होतो. रोज दहा हजार पावलं चालायचा आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र खपवताना निघाला, हेही त्यांना ठाऊक आहे. "शास्त्र नव्हे हो, जाहिरात! खरा आकडा एकदा कळू दे, मग चालतो." तोवर ते कोपऱ्यावरच्या डेअरीतही स्कूटरने जातात.

आहाराचंही तसंच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, तूप सोडू नका. सोमवारकरांनी दोघांचीही भाषणं यूट्यूबवर शेवटपर्यंत ऐकली आहेत, शेजारी शेवेची वाटी ठेवून. निष्कर्ष असा, की तज्ज्ञांचंच ठरत नसेल तर सामान्य माणसाने घाई करू नये. व्यायाम करा, यावर दोघांचंही एकमत आहे. ते भाग नेमके त्यांचं नेट गेलेलं असताना आले असावेत.

मराठी वर्षात वजन कमी करायला मुहूर्तच नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र मला खोडता आलेलं नाही. पाडव्याला श्रीखंड. मग हापूस, तो दोनच महिने असतो, वजन काय, बाराही महिने कमी करता येतं. आषाढात आखाड तळायचा. श्रावणात सोमवार असतात, पण ते उपासाचे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर तूप, आणि संध्याकाळी उपास सोडायला काहीतरी गोड. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, सोमवारकर सोमवारालाही तो मान देतात. गणपतीत मोदक, ते खाणं नव्हे, प्रसाद. पितृपक्षात कुणाच्या पितरांना नाही कसं म्हणायचं? मग कोजागिरीचं आटीव दूध, दिवाळीचा फराळ, थंडीत हुरडा आणि डिंकाचे लाडू, संक्रांतीला गुळाची पोळी, होळीला पुरणाची. होळी ते पाडवा असे पंधरा दिवस तेवढे मोकळे सापडतात. पण तेव्हा बँकेत मार्च एंडिंग असतं.

तयारीत मात्र कसूर नाही. चालायचे बूट दोन वर्षांपूर्वीच घेतले. खंडेनवमीला स्क्रू-ड्रायव्हर आणि पकडीशेजारी त्यांचीही हळदकुंकू, झेंडू वाहून यथासांग पूजा होते, आणि दसऱ्याला ते परत खोक्यात जातात. सीमोल्लंघन तेवढं राहून जातं.

दर रविवारी वजन होतं. आधी घड्याळ उतरतं, मग चष्मा, मग खिशातल्या किल्ल्या. श्वास पूर्ण बाहेर सोडून सोमवारकर डावा पाय काट्यावर हलकेच ठेवतात, उजवा त्याहून हलकेच. चष्मा नसल्यामुळे आकडा दिसत नाही. तो वहिनी वाचतात. "एकोणऐंशी चारशे."

"ही फरशीच उताराची आहे," म्हणत ते काटा उचलून बेडरूममध्ये नेतात. तिथे भरतं एकोणऐंशी दोनशे.

"बघ! दोनशे ग्रॅम उतरले."

"अहो, काय झालं म्हणून उतरले?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. यशाच्या आनंदात चहाबरोबर दोन खारी मात्र होतात.

एकदा ते खरोखर पेटले. भल्या पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेनं सिंहगड चढून गेले. घामाने निथळत वर पोचले, आणि पुढ्यात आली गरम कांदाभजी, पिठलं-भाकरी, वर मडक्यातलं दही. "एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी," त्यांनी मला शांतपणे समजावलं. "त्यात एका भज्यानं काय होतंय?" एका भज्यानं काहीच झालं नसतं. प्लेटीत सहा होती, आणि प्लेटी दोन. उतरताना गुडघ्यांना जपायचं म्हणून जीप केली.

तरीही सोमवारकरांना आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. वजन उतरवायला लागते ती चिकाटी, तो अभ्यास, ते सातत्य, सगळं त्यांच्यापाशी आहे. फक्त ते सगळं सुरुवात पुढे ढकलण्यात खर्ची पडतं. आणि दुसऱ्याला पेटवण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या पोराला त्यांनी एका रात्री गच्चीत तासभर पकडलं. साखर सोड, रात्री लवकर जेव, लिफ्ट विसर. पोरगं भाबडं. दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. पाच महिन्यांत नऊ किलो उतरलं आणि परवा पेढे घेऊन दारात उभं राहिलं.

"काका, फक्त तुमच्यामुळे!"

सोमवारकरांचे डोळे भरून आले. एक पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "पण काय रे, तो तर गुरुवार होता. गुरुवारी कसं काय सुरू केलंस?" सुरात कौतुक होतं, पण थोडी नापसंतीही होती.

"लक्षातच नाही आलं, काका. आता तुम्ही कधी?"

"मी?" सोमवारकरांनी दुसरा पेढा उचलला. "अरे, तुझ्या नऊ किलोंतले निदान दोन तरी माझ्या नावावर धर की!"