बंडी मिळेल का बंडी?

संत नामदेव शिंपी समाजातले. त्यांचे जन्मगाव म्हणून नर्सी नामदेव हिंगोली जिल्ह्यात पूज्य. त्याच जिल्ह्यात आज साधी सुती बंडी शिवून मिळाली, तर तो चमत्कारच समजावा.

जुनी बंडी म्हणजे जाडा मांजरपाट, पुढे दोन खोल खिसे, आत चोरखिसा. तंबाखूची चंची, चुन्याची डबी, आडतीची पावती, सगळे पोटात घालून ती राबते. काखेत विरते, खांद्याला ठिगळ लागते, तरी मालकाच्या अंगावरून उतरत नाही. नवी मागायला जा, दुकानदार टी-शर्ट पुढे करतो. पॉलिस्टरचा, चकचकीत, खिसा नावालाही नाही. (पैसे ठेवायला खिसा कशाला, भावच तसे आहेत.) हा घालून वसमतकडे हळद शिजवायला उभे राहा. घाम आतल्या आत, आणि जाळातली ठिणगी उडाली की कापड वितळून थेट कातडीला चिकटते. सुताला नुसते भोक पडते.

कापूस इथल्याच काळ्या रानातला. तो जिनिंगमधून गाठी बांधून परगावी जातो, आणि बाजारात येते पॉलिस्टर. शेजारच्या नांदेडात राष्ट्रध्वजासाठी खादी होते, तेवढेच समाधान. पण ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर झेंड्यालाही पॉलिस्टर चालते. मग कास्तकाराचे काय घेऊन बसलात?

तेव्हा जुनी बंडी फेकू नका. गावात म्हातारा शिंपी उरला असेल, तर ती नमुन्याला देऊन आताच दोन शिवून घ्या. आणि चोरखिशाचे बजावून सांगा.