विसाव्याच्या यादीत बायको नाही

वसईहून वेलंकणीला निघालेल्या जोडप्याचं सामान कधी निरखून पाहावं. तिच्या पर्समध्ये त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आल्याच्या वड्या, दोघांच्या जपमाळा आणि शेजारणींनी दिलेल्या नोटा. प्रत्येक नोटेभोवती एक चिठ्ठी: कुणाच्या गुडघ्यासाठी एक मेणबत्ती, कुणाच्या मुलाच्या कॅनडाच्या व्हिसासाठी दोन. त्याच्याकडे फक्त मोबाइल. तिकिटं मोबाइलमध्येच असल्यामुळे तिकिटं मी सांभाळली, असं म्हणायला तो मोकळा. मनाला विसावा मिळावा, श्रद्धेला पुन्हा पालवी फुटावी म्हणून निघालेली ही दोघं परत येतात तेव्हा दोघांनाही खरी गरज असते ती रजेची. माझं म्हणणं असं, की जोडप्याने देवासाठी प्रवास करावा तो आधी झोपून, मग जेवून. प्रार्थनेचं त्यानंतर बघावं. आणि हा क्रम नवरा-बायको दोघांना सारखाच लागू असावा.

हे आळशाचं तत्त्वज्ञान वाटेल, पण माझे साक्षीदार बायबलमधलेच आहेत. ईजबेल राणीच्या धास्तीने पळालेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. आपल्याकडे अशा माणसाला लगेच रिट्रीटला धाडलं असतं: पहाटे घंटा, मग मिस्सा, मग प्रवचन, मग प्रवचनावर गटचर्चा. देवदूताने असलं काही केलं नाही. त्याने एलीयाला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर ऐकू आलेली ती सुप्रसिद्ध मंद वाणी त्यानंतर ४० दिवसांनी. मार्काच्या शुभवर्तमानातही ६व्या अध्यायात येशू दमून आलेल्या शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती. पण लोक धावत आधीच तिथे पोहोचले, आणि विश्रांतीला निघालेल्या शिष्यांना ५००० पुरुषांची पंगत वाढावी लागली. ग्रुप टूरला जाणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

खरं तर ग्रुप टूरबद्दलचा इशारा लूकनेही देऊन ठेवला आहे. वल्हांडणाच्या सणाहून परतताना योसेफ आणि मरिया दिवसभर चालून गेली आणि मग लक्षात आलं, की १२ वर्षांचा मुलगा बरोबर नाहीच. तो नातेवाइकांच्या घोळक्यात कुठेतरी असेल, असं दोघंही धरून चालली होती. जगातल्या सर्वांत पवित्र दांपत्याची यात्रेत ही गत, तर ४० माणसांची बस, फलक घेतलेला गाइड आणि दिवसाला पाच चर्च असा कार्यक्रम आखून आपण कोणत्या शांतीची अपेक्षा करतो?

दोघांच्या यात्रेतला कळीचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. शब्बाथाच्या आज्ञेत त्या दिवशी कुणी काम करायचं नाही याची चोख यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका. ‘अनुवाद’ या पुस्तकात तर बैल आणि गाढव यांचा वेगळा उल्लेख आहे. बायकोचा नाही. भाष्यकार सांगतात, की ‘तू’मध्ये नवरा-बायको दोघंही आलेच. मला ते मान्य आहे. त्यातून बाईचा मानच दिसतो. पण कित्येक नवऱ्यांनी यादी शब्दशः वाचलेली दिसते. रिट्रीट हाउसच्या खोलीत पोहोचताच तो पलंगावर पसरतो आणि म्हणतो, ‘किती शांत वाटतंय नाही?’ ती तेव्हा बादलीत मोजे भिजवत असते. गाढवाला सुट्टी आहे, हे तिने वाचलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप भाविकांचा: यात्रा म्हणजे कष्ट, सुख हवं तर महाबळेश्वरला जा. वेलंकणीच्या वाळूतून गुडघ्यांवर सरकत जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं, की या आक्षेपाची टवाळी करवत नाही. नवस खरा असतो. नवसाने थकलेल्या देहाने मात्र त्याच फेरीत विसाव्याचाही हिशेब मागू नये. ती दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळी तिकिटं काढावीत. दुसरा आक्षेप काटकसरी लोकांचा: झोपायचंच तर घरी झोपा. घरी? जिथे गॅसवाला, कुरिअरवाला आणि मावशींचा फोन हे तिघे नेमके दुपारी दोनलाच उगवतात? तिसरा म्हणतो, भक्तीत जोडीदाराचा अडथळाच होतो. पौलाने प्रार्थनेसाठी पती-पत्नींना वेगळं राहण्याची मुभा दिली आहे खरी, पण उभयतांच्या संमतीने आणि थोड्याच काळासाठी, मग पुन्हा एकत्र. स्वतः बिनलग्नाचा असून त्याला एवढं कळत होतं.

माझा शेवटचा साक्षीदार अम्माऊसचा रस्ता. दोघं जण यरुशलेमहून सुमारे ११ किलोमीटर चालत निघाले होते. एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं लूक सांगत नाही, म्हणून ती त्याची बायको असावी असा काही अभ्यासकांचा कयास आहे. (नाव गाळलंय, म्हणजे बायकोच, हा तर्क मला फारच पटतो.) वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने अख्खं शास्त्र उलगडून सांगितलं. अंतःकरण आतून पेटलं होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं, पण तेव्हा त्याला ओळखलं मात्र नाही. दिवस कलला, चालणं थांबलं, तिघं जेवायला टेकली, आणि तेव्हा ओळख पटली: हा तर येशूच. लगेच उठून ती दोघं त्याच रात्री यरुशलेमला परतली, म्हणजे थकवाही गेलाच असणार. त्या घरी चूल कुणी पेटवली हे लूकने लिहिलेलं नाही. भाकर पाहुण्यानेच मोडून दोघांच्या हातात दिली, एवढं लिहिलंय.