पोटखराब्यातील पेशकार

सेवानिवृत्तीनंतर मनुष्य अध्यात्माकडे वळतो अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परंतु नांदेड-लातूरकडील महसूल खात्यातून बाहेर पडलेल्या एका विशिष्ट वर्गाने हा प्रघात मोडून, जपमाळेऐवजी हातभर लांबीची लेन्स गळ्यात घातली आहे. त्या वर्गाचे मुकुटमणी म्हणजे आमचे पेशकारसाहेब. निजामी अंमल १९४८ साली संपला, हुद्द्यांची नावे बदलली, आणि हे गृहस्थ तर नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. तरी अहमदपूर-कंधारकडच्या वृद्धांनी त्यांना पेशकारच म्हणावे आणि त्यांनीही ते प्रसन्नपणे ऐकून घ्यावे, हे या मुलखाच्या रीतीला धरूनच आहे.

ज्या बालाघाटी माळांची त्यांनी उभी हयात सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ अशी संभावना केली, त्याच माळावर आता सूर्योदयापूर्वी पोहोचून, लातूरच्या आडतीवरून आणलेला बारदाना बांबूच्या चौकटीवर शिवून केलेल्या लपणात, गुडघे हनुवटीला टेकवून ते बसतात, ते पक्ष्यांचे प्रियाराधन टिपण्यासाठी. मूळ महत्त्वाकांक्षा तणमोराची. पावसाळ्यात गवतातून एकाएकी उसळी घेऊन, मस्तकामागचे तुरे मिरवीत पुन्हा गवतात लुप्त होणारा, आणि दिवसाकाठी अशा शेकडो उड्या मारणारा तो कृष्णवर्ण नर अकोला-वाशीमकडे अजून तुरळक आढळतो, हे वाचल्यापासून साहेबांची निद्रा उडाली. परंतु इकडच्या गवताच्या जागी सोयाबीन आले, उरल्या गायरानावर अतिक्रमणे झाली (त्यांपैकी काही नियमानुकूल करण्याच्या प्रस्तावांवर कोणाची स्वाक्षरी होती, हे येथे न विचारणे शिष्टसंमत), आणि साहेबांना डोंबारीवर समाधान मानावे लागले.

डोंबारी हा चिमणीहून लहान, राखी माथ्याचा, काळ्या पोटाचा चंडोल. नर पंख थरथरवीत शंभरेक फूट चढतो, पंख आवरून थेट खाली झेपावतो, मध्येच सावरून किंचित वर उसळतो, पुन्हा झेपावतो, आणि माती हातभर राहिली असता सपाट होऊन एखाद्या ढेकळावर जाऊन बसतो. मातकट रंगाची मादी हा सारा खटाटोप, बारा वाजता आलेल्या अर्जाकडे कारकुनाने पाहावे तशी, पाहते. साहेबांना तिच्याविषयी विशेष आदर आहे.

सालिम अलींनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हा सारा प्रदेश त्या संस्थानातच होता. साहेब त्या पाहणीचा उल्लेख ‘आमच्याकडची पहिली पैमाश’ असा करतात, आणि स्वतःचे कार्य तिची पुरवणी होय, असे श्रोत्याने न सांगता समजून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असते.

दुर्दैव असे की, माळावर तिपाई रोवून कोणी बसला की गावाला मोजणी दिसते. त्यातून जिल्ह्यात शक्तिपीठ महामार्गाची चर्चा. परवा नर नुकता वर चढू लागला असता बारदान्याला बाहेरून कोणी तरी टिचकी मारली.

“मामा, काय करायलाव आत? रस्ता आमच्याच गटातून जायलाय का?”

साहेबांनी ओठांवर बोट ठेवले. उत्तरादाखल फटीतून घडी घातलेला सातबारा आत आला. तीस वर्षांची सवय! चष्मा कपाळावरून खाली आला, दृष्टी इतर हक्कांच्या रकान्यात गेली, आणि “अरे, वारसाचा फेरफार अजून मंजूरच नाही!” असे साहेब गरजले, त्याच क्षणी डोंबारीने वर्षातील सर्वोत्तम सूर मारला.

“लई भारी पडलं की पाखरू!” बाहेरचा म्हणाला. “खाली-वर, खाली-वर, सहा बार.”

“सहा? नीट पाहिलेस?”

“माझ्या डोळ्यानं, मामा.”

कॅमेऱ्यात काहीच नव्हते. परंतु पुरावा सोडून देणे साहेबांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी वही काढली, मौजे, तालुका, गट क्रमांक आणि चतुःसीमा लिहिल्या, ‘समक्ष जबाब देतो की’ असा प्रारंभ करून सहाही झेपा क्रमवार नोंदविल्या, आणि त्याला म्हणाले, “इथे सही कर. आणि मादी नेमकी कोणत्या दिशेला होती, ते आधी सांग.”