खिडकीतली फर्स्ट शिफ्ट

‘7.05 दयाळ हजर. 7.20 बुलबुल दोन. 7.35 सातभाई, सगळे. कावळे परमनंट, नोंद नको.’

ही वही आमच्या बोईसरच्या सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांची. असा एक काका हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. निवृत्त, अंगात बनियन नि लेंगा, गळ्यात मुलाने आणून दिलेली दुर्बीण, बुडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची. दाराची बेल वाजली तर हा उठत नाही, जास्वंदीचं पान हललं की उठतो.

शेजारचं तारापूर म्हटलं की लोकांना 1969 सालची अणुभट्टी आठवते. काकांची भट्टी निराळी. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी 32 वर्षं बॉयलर सांभाळला. दर तासाला प्रेशर आणि पाण्याची लेव्हल वहीत उतरवायची, खाली सही ठोकायची. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, पण हात दर तासाला वही शोधायचा.

लहानग्या सालीम अलींना पक्ष्यांच्या वाटेला लावलं ते छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीने. काकांना लावलं तांबटाने. निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा. भर दुपारी टुक्-टुक्-टुक् सुरू झालं, एका लयीत, थांबायचं नाव नाही. काकांच्या मुरलेल्या कानाने निदान केलं: पंपाचा व्हॉल्व्ह ठोकतोय. पाना घेऊन गच्चीवर गेले. पंप बंद, ठोकणं चालूच! शेवटी मागच्या उंबराच्या सुक्या फांदीवर सापडला. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, गुबगुबीत, कपाळाला लाल टिळा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि गळा फुगवून ठोका. “एवढंसं मशीन,” काका म्हणाले, “आणि तेलपाणी शून्य!” पाना तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी नवी वही आली.

तेव्हापासून परसातल्या साऱ्या पाखरांना काकांनी कामावर घेतलंय. धोबी पक्षी थंडीपुरता येतो म्हणून सीझनल. घुबड थर्ड शिफ्टला. सातभाई म्हणजे युनियन: एकदम येतात, एकदम ओरडतात, मागणी काय ते शेवटपर्यंत कळत नाही. कोकिळेबद्दल मात्र त्यांचं मत वाईट आहे. “अंडी कावळ्याच्या घरट्यात, पोरं कावळ्याच्या खर्चाने. निव्वळ कॉन्ट्रॅक्टरचा धंदा!” असं ज्यांचं मत, त्यांनीच एकदा एक ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी पक्षी तीन दिवस ‘संशयित ससाणा’ म्हणून लिहिला होता. ती कोकिळाच निघाली. नर काळा कुळकुळीत, मादी ठिपकेवाली आणि गळा गोड फक्त नराचा, हे कळल्यावर काकांनी वहीत खाडाखोड न करता समासात ‘नजरचूक’ असं लिहिलं. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही म्हणे.

मार्चमध्ये शिंजीर खिडकीच्या काचेवर चोच आपटायला लागला. काचेत त्याला दुसरा नर दिसतो आणि बिचारा स्वतःशीच भांडून दमतो. काकांनी ‘सेफ्टी’ म्हणून काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. शिंजिराला शत्रू दिसेनासा झाला, काकांना शिंजीर.

काकूंना या भरतीत रस नाही. त्यांना फक्त भारद्वाज चालतो, कारण तो दिसला की शुभ. बाकी सगळे त्यांच्या लेखी वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करणारे.

आता फेब्रुवारीची गोष्ट. त्या महिन्यात चार दिवस जगभरचे लोक आपापल्या परसातले पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटं बसावं, एवढीच अपेक्षा. पुतणीने हे सांगितल्यावर काका हसले. पंधरा मिनिटांत तर नुसता चार्ज घेऊन होतो. ते सात ते तीन बसले, फुल शिफ्ट. अकराच्या सुमाराला मात्र पोटाने दगा दिला. रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा बॉयलरचा नियम.

“अहो, जा तुम्ही, मी बघते,” म्हणत काकू खुर्चीवर बसल्या. मांडीवर बिरड्याचे भिजवलेले वाल, सोलणं चालू.

काका परत आले. “काही आलं?”

“आला ना एक. भला मोठा, राखाडी. चोचीवर आणखी एक चोच असल्यासारखं. चार उंबरं गिळली नि गेला.”

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. धनेश! तीन वर्षं ते त्या उंबरावर त्याची वाट बघत होते.

“किती वाजता?”

“मी काय घड्याळ बघत बसले होते? कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.”

काकांनी वही उघडली. ‘राखी धनेश, एक. वेळ: कुकरची दुसरी शिट्टी.’ मग वही काकूंपुढे धरली. ज्याच्या चार्जमध्ये घडलं त्याची सही लागते. काकूंनी वालाच्या ओल्या हातानेच ती केली, आणि त्या पानावर अजून एक साल चिकटलेलं आहे.