मागाहूनराव

प्रत्येक सोसायटीत एक वकील, एक ज्योतिषी आणि एक मागाहूनराव असतोच. पहिले दोघे न विचारता बोलतात. तिसरा विचारल्यावरही बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण विचारणारा निघून गेल्यावर.

बुद्धी कमी म्हणावी तर तसंही नाही. आमच्या मुलुंडच्या इमारतीतले मागाहूनराव शब्दकोडं पेनाने सोडवतात. समोरच्याच्या बोलण्याला त्यांना उत्तर सुचतं, आणि चांगलं सुचतं. फक्त ते ऐकायला तेव्हा समोर कुणी नसतं.

स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला त्यांनी एकदा विचारलं, "कोथिंबीर आजचीच आहे ना?"

"नाही ओ काका, माझ्या लग्नातली हाय."

आजूबाजूच्या बायका फिस्सकन हसल्या. मागाहूनरावांनी मुकाट्याने सुटे पैसे दिले आणि जुडी घेऊन घर गाठलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली आणि त्यांना सुचलं, "मग आहेर समजून फुकटच द्या की!" इतकं बेतशीर उत्तर वाया कसं घालवायचं? दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम पुन्हा गेले आणि तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "एकदम ताजी हाय काका, घ्या." झालं! समोरून चेंडूच पडला नाही, तर षटकार मारणार कशावर?

बोलून मारायची हत्यारं मराठीत काही कमी नाहीत. सकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात "घाटकोपरला उतरणार" असं सांगून जागा अडवलेली बाई कुर्ला आलं तरी हलली नाही, की "हल्ली घाटकोपर पुढे सरकलंय वाटतं" असा टोमणा येतो. लग्नाच्या हॉलवर मावशी प्रेमाने पदर चाचपून म्हणते, "साडी छानच आहे हो तुझी, मागच्या तिन्ही लग्नांत छानच दिसत होती." हा शालजोडीतला. बागेत चार फेऱ्या मारून वडापावच्या गाडीवर थांबलेल्याला मित्र विचारतो, "डॉक्टरांनी जेवणाआधी सांगितलाय की नंतर?" ही कोपरखळी. मागाहूनरावांनी यातला प्रत्येक प्रकार खाल्लेला आहे. वाढायची वेळ आली की मात्र त्यांचं भांडं रिकामं.

सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. एका सभेत मागाहूनराव छत गळतंय म्हणून तक्रार करायला उठले. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पाणी येतंय! इतरांची तक्रार पाणी येत नाही अशी आहे." हॉल हसला, ठराव बारगळला, वेफर्स वाटले गेले. पुढच्या वर्षीच्या सभेत विषय क्रमांक एक निघाला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' मागाहूनराव ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "मग पाणीपट्टी छताच्या नावाने लावा!" सेक्रेटरी एव्हाना बदलले होते. नव्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि लिहून घेतलं, 'पाणीपट्टीचे बिल छताच्या नावे करावे, अशी एका सभासदाची सूचना.'

ही जमात केवळ मुलुंडची नाही. अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक दिदरो हा भल्याभल्यांना वादात ऐकणारा नव्हे. त्यानेही लिहून ठेवलंय, की जेवणाच्या टेबलावर कुणी टोला हाणला की आपण गप्प होतो आणि जिना उतरून खाली पोचल्यावर डोकं ठिकाणावर येतं. दिदरोला सुचलेलं पुस्तकात गेलं. मागाहूनरावांना सुचतं ते रेल्वेच्या पुलावर, आणि तिथे मागून येणारा म्हणतो, "काका, पुढे चला."

मग ही उत्तरं जातात कुठे? कट्ट्यावर. संध्याकाळी कट्ट्यावर मागाहूनराव घडलेला प्रसंग दुरुस्त करून सांगतात. परवा दादरला जाताना त्यांनी चौथ्या सीटसाठी "जरा सरकता का?" असं विचारलं. बसलेला म्हणाला, "सरकतो की. खिडकीबाहेर जागा आहे का तेवढं बघा." त्याची गलेलठ्ठ पिशवी शेजारी आरामात बसलेली. मागाहूनराव उभेच राहिले. तो घाटकोपरला मेट्रोसाठी उतरला, हे त्याच्या जागेवर बसले आणि विद्याविहारला त्यांना सुचलं, "आधी तुमच्या पिशवीचा पास दाखवा!" कट्ट्यावर मात्र हा टोला मुलुंड सुटताच बसला आणि सगळा डबा हसला. घरी ते असलं काही सांगत नाहीत, कारण बायको शांतपणे विचारते, "कुठल्या स्टेशनला सुचलं?"

मला आता एक वेगळाच संशय येऊ लागला आहे. गडकऱ्यांच्या कोट्या नाटकांत छापलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब लागतो. आचार्य अत्रे 1969 साली गेले. त्यांच्या नावावरचे टोले मात्र अजून वाढतच आहेत. पुलंचंही तेच. हा माल येतो कुठून? गावोगावचे मागाहूनराव उशिरा सुचलेलं उत्तर कुणाला तरी सांगतात, तो तिसऱ्याला सांगतो, आणि एवढं फर्मास उत्तर एखाद्या साध्या माणसाचं असेल यावर चौथ्याचा विश्वास बसत नाही. मग तो त्याला शोभेलसा मालक बघून देतो.

गेल्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक किस्सा आला: आचार्य अत्रे एकदा लोकलने चालले होते, शेजारी एका गृहस्थाची पिशवी होती... मागाहूनरावांच्या बायकोने तो मोठ्याने वाचला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "याला म्हणतात हजरजबाबी! अत्र्यांना कसं जागच्या जागी सुचायचं. नाहीतर तुम्ही."